पँथरचं गाव

दिवस पहिला, बुधवार : अटलांटा

अमोलच्या डोक्यात फ्लोरिडाचा समुद्र होता. मी म्हटलं, समुद्र मी वरळीला जन्मभर बघितलाय, मला अलाबामा दाखव.

"अलाबामाला फिरायला कोण जातं गं आई?"

"मी जाते."

सूनबाईंना ऑफिसातून सुटका नव्हती, म्हणून मायलेक दोघंच निघालो. एप्रिल २०२४, बुधवार ते रविवार. सोबत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि माझा गुडघ्याचा पट्टा.

सुरुवात घरापासून. अमोल सहा वर्षं अटलांटाच्या उपनगरात राहतोय, पण ऑबर्न अव्हेन्यूला त्यानं पाय ठेवलेला नव्हता. दादरला हयात काढून चैत्यभूमी न पाहिलेली माणसं मला माहीत आहेत, त्यामुळे मी काही बोलले नाही. ५०१ ऑबर्न अव्हेन्यू हे मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर. लाकडी, दुमजली, पुढे व्हरांडा. १५ जानेवारी १९२९ ला ते इथे जन्मले. घर दुरुस्तीसाठी बंद होतं, बाहेरूनच बघितलं. तिथून चालत पाच-सात मिनिटांवर एबेनेझर चर्च, जिथे वडील आणि नंतर मुलगा दोघेही पाद्री होते. आत बाकांवर बसायचं आणि किंग यांच्या भाषणांचं रेकॉर्डिंग ऐकायचं. कुणी बोलत नाही. एक बाई पंख्यानं वारा घेत डोळे मिटून ऐकत होती.

याच चर्चमध्ये ४ जुलै १९६५ ला किंग यांनी एक आठवण सांगितली होती. १९५९ मध्ये ते भारतात आले, तेव्हा त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख करून दिली ती 'अमेरिकेहून आलेले आपल्यासारखेच अस्पृश्य' अशी. आधी त्यांना झटका बसला, रागही आला. मग आपल्या देशातले दोन कोटी काळे लोक डोळ्यांपुढे आले आणि त्यांनी स्वतःशी कबूल केलं, हो, मी अस्पृश्यच आहे. त्या मुलांमध्ये आपल्यातलंही कुणी असतंच, असं माझ्या मनात येऊन गेलं.

बाहेर पाण्याच्या कुंडात मधोमध किंग आणि त्यांच्या पत्नी कोरेटा यांची संगमरवरी समाधी आहे, पलीकडे स्वागतकक्षाजवळ गांधीजींचा चालता पुतळा. भारत सरकारनं दिलेला. बाबासाहेबांचा का नाही, हे मनात आलंच. आमच्या घरात वाढलेल्या कुणाच्याही येईल.

म्हणून दुपारी मी हट्टानं शहराच्या पश्चिमेला गेले. तिथे पूर्वी अटलांटा युनिव्हर्सिटी होती, १९८८ मध्ये ती आणि शेजारचं क्लार्क कॉलेज मिळून एकच विद्यापीठ झालं. काळ्या समाजाचे मोठे विद्वान ड्यू बॉइस यांनी दोन वेळा मिळून वीसहून जास्त वर्षं इथे शिकवलं. १९४६ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिलं, तोवर ते इथून न्यूयॉर्कला गेले होते. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती बाबासाहेबांना हव्या होत्या. इथल्या अस्पृश्यांची आणि तिथल्या निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे की त्यांचा अभ्यास करणं भागच आहे, असं त्यात होतं. ड्यू बॉइस यांनी महिनाअखेरीस उत्तर पाठवलं. फोनवर त्या पत्राचं चित्र काढून मी फुटपाथवर उभी राहिले. आजूबाजूनं पोरं वर्गाला पळत होती. एकाच्या लाल टी-शर्टवर जबडा उघडलेलं जनावर होतं. वाघ असेल, असं समजून मी तिकडे दुर्लक्ष केलं.

दिवस दुसरा, गुरुवार : टस्कीगी

जॉर्जियाची हद्द संपली आणि गाडीतलं घड्याळ आपोआप एक तास मागे गेलं. अमोल म्हणाला, अलाबामात आल्यावर सगळेच हा विनोद करतात. त्यानं तो केला नाही, पण सांगितला.

मराठी माणूस टस्कीगीला येतो तो कृषिशास्त्रज्ञ कार्व्हरसाठी. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ मध्ये आलं. मी ते कॉलेजात असताना वाचलं, अमोलला ते पाचवीत बक्षीस मिळालं. त्यामुळे ते शिकवायचे त्या संस्थेच्या आवारात शिरल्यावर दोघांनाही ओळखीच्या गावी आल्यासारखं वाटत होतं. इमारती लाल विटांच्या आहेत, त्यांतल्या जुन्या इमारतींच्या विटा विद्यार्थ्यांनीच पाडल्या आणि भाजल्या. १८८१ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी ही शाळा सुरू केली आणि १८९६ मध्ये कार्व्हर आले ते १९४३ मध्ये इथेच गेले. दोघांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत. कार्व्हरच्या दगडावर कोरलंय त्याचा अर्थ असा, की कीर्तीच्या जोडीला पैसाही मिळवता आला असता, पण त्यांना दोन्हींची पर्वा नव्हती, जगाच्या उपयोगी पडण्यात त्यांनी सुख मानलं. दगडाच्या कडेला कुणीतरी सालासकट चार भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या होत्या. एक उंदरानं की खारीनं फोडून खाल्ली होती.

पण मला त्या पुस्तकानं टस्कीगीचं जे चित्र दिलं होतं ते कार्व्हरपाशी थांबत होतं. याच परगण्यात १९३२ ते १९७२, तब्बल चाळीस वर्षं, सरकारच्या आरोग्य खात्यानं सिफिलिस झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना उपचाराविना ठेवलं, आजार कसा वाढतो ते बघण्यासाठी. तुलनेसाठी २०१ निरोगी माणसं. त्यांना सांगितलं होतं की तुमचं रक्त खराब आहे. बदल्यात तपासणीच्या दिवशी जेवण आणि मेल्यावर अंत्यविधीचा खर्च. पेनिसिलीन आलं, सगळीकडे मिळू लागलं, तरी यांना दिलं नाही. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली १९९७ मध्ये, तेव्हा त्यांतले मोजकेच हयात होते. शेतकऱ्याला शिकवायला कार्व्हरची फिरती गाडी ज्या वाड्यावस्त्यांवर जायची, त्याच वाड्यावस्त्यांवर पुढे या डॉक्टरांची गाडी जात राहिली.

अमोलला मात्र वेगळीच गोष्ट आवडली. टस्कीगी शहराची हद्द पूर्वी चौकोनी होती. प्राध्यापक आणि रुग्णालयातले कर्मचारी मिळून काळे मतदार चारशेपर्यंत गेले, तेव्हा १९५७ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं हद्द नव्यानं आखली आणि शहर अठ्ठावीस बाजूंचं झालं. एकही गोरा मतदार बाहेर गेला नाही, काळे चार-पाच सोडून सगळे गेले. संस्थेतले समाजशास्त्राचे प्राध्यापक गोमिलियन कोर्टात गेले आणि १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. अमोलनं पेट्रोल पंपावर बसून फोनमध्ये ती आकृती शोधली आणि कितीतरी वेळ बोटानं मोठी करून बघत राहिला. "आई, हे बघ, एकेक घर टाळून रेघ मारलीय."

रात्री माँटगोमेरीत जेवायला कॉलर्डची पाल्याची भाजी, चवळी आणि मक्याचा पाव. चवळी आणि भेंडी इथे आफ्रिकेतून, गुलामांच्या जहाजांबरोबर आल्या. पाला अळूच्या फदफद्यासारखा मऊ शिजवलेला, चवीला छान. त्यात डुकराचं मांस घालतात हे मला अर्धी वाटी संपल्यावर कळलं. उरलेली अर्धीही खाल्ली.

दिवस तिसरा, शुक्रवार : माँटगोमेरी

सकाळी टेकडीवरच्या स्मारकात गेलो. झुंडीनं मारलेल्यांचं हे स्मारक २०१८ मध्ये उघडलं. वकील ब्रायन स्टीव्हन्सन यांच्या संस्थेनं ते उभारलं. गंजक्या रंगाचे, माणसाहून उंच पोलादी खांब, आठशेहून जास्त. प्रत्येक खांब एका परगण्याचा, त्यावर मारले गेलेल्यांची नावं आणि तारखा. नाव माहीत नसेल तिथे नुसतं 'अज्ञात'. एकूण ४,४०० हून जास्त माणसं, १८७७ ते १९५० मधली. सुरुवातीला खांब आपल्या समोर, बरोबरीनं उभे असतात. चालत जावं तशी जमीन उतरत जाते, खांब मात्र तिथेच. शेवटच्या बाजूला येईपर्यंत ते सगळे डोक्यावर टांगलेले असतात. मान वर करून नावं वाचावी लागतात.

भिंतीवरच्या पाट्यांवर कारणं आहेत. अलाबामातल्या लव्हर्न गावात १९४० मध्ये जेसी थॉर्नटनला मारलं, गोऱ्या पोलिसाला 'मिस्टर' न म्हणता हाक मारली म्हणून. बर्मिंगहॅममध्ये १९३३ ला एलिझाबेथ लॉरेन्सला मारलं, दगड मारणाऱ्या गोऱ्या पोरांना रागावली म्हणून. 'मिस्टर'च्या पाटीपुढे माझे पाय अडले. माझी आजी सातारकडची. रस्त्यानं कुणी मोठा माणूस आला की तिचे वडील बाजूला सरून 'जोहार मायबाप' म्हणायचे. एकदा ते म्हणायला उशीर झाला, ती गोष्ट ती कधीच पूर्ण सांगत नसे. अर्ध्यावर येऊन चूल फुंकायला लागायची.

आणखी एक गोष्ट त्या १८७७ या आकड्यानं डोक्यात घुसली. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली १८७३ मध्ये आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांनी निग्रोंना दास्यातून मोकळं केलं म्हणून. ही अर्पणपत्रिका आमच्याकडे अभिमानानं वाचली जाते, मीही शाळेच्या स्टेजवरून वाचलीय. १८७३ मध्ये ते खोटंही नव्हतं. तेव्हा काळे पुरुष दक्षिणेत मत देत होते, अलाबामाच्या विधिमंडळात बसत होते. चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, केंद्राचं उरलंसुरलं सैन्य दक्षिणेतून निघालं आणि हे खांब सुरू होतात. जोतीराव १८९० मध्ये गेले. खांबांवरच्या कितीतरी तारखा त्याच्या आधीच्या आहेत. मी त्या शोधत हिंडले आणि मग पायांनी सांगितलं, बस झालं.

स्टीव्हन्सन यांच्याच संस्थेचं संग्रहालय गावात आहे. तिथे काचेच्या बरण्यांची मांडणी आहे, प्रत्येक बरणीत एकेका खुनाच्या जागेवरची माती, वर नाव आणि तारीख. लाल, पिवळट, काळी. लोणच्याच्या बरण्यांसारख्या ओळीनं लावलेल्या. याच्यापुढे बाकीचं संग्रहालय मी नीट पाहिलं असं म्हणणार नाही.

दुपार रोझा पार्क्स यांची. त्यांची गोष्ट आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात असते तशी मला पटत नाही. दमलेली शिवणकाम करणारी बाई, पाय दुखत होते, बसमध्ये गोऱ्या उतारूसाठी जागेवरून उठली नाही. त्या ४२ वर्षांच्या होत्या, बारा वर्षं काळ्यांच्या हक्कांच्या संघटनेत काम करत होत्या, बलात्काराच्या प्रकरणांचा तपास करायला खेड्यांत जात होत्या, त्याच उन्हाळ्यात त्या कार्यकर्त्यांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. आणि त्यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ ला, क्लॉडेट कॉल्व्हिन ही पंधरा वर्षांची मुलगी अशीच जागेवरून उठली नव्हती. तिलाही अटक झाली. पुढाऱ्यांना ती चेहरा म्हणून योग्य वाटली नाही. पण बसमधला भेदभाव बेकायदा ठरला तो ज्या खटल्यात, त्यात फिर्यादींमध्ये ती होती, पार्क्स नव्हत्या.

मी बेस्टच्या बसनं तीस वर्षं बँकेत गेले, त्यामुळे मला बसचे नियम समजून घ्यायचे होते. पुढची दहा सीटं गोऱ्यांची, रिकामी असली तरी. काळ्यांनी पुढच्या दारातून चढून दहा सेंट द्यायचे, मग उतरायचं आणि मागच्या दारानं चढायचं. कधी कधी मागच्या दाराशी पोचेपर्यंत ड्रायव्हर बस सोडायचा. पैसे घेऊन. बसच्या उतारूंत निम्म्याहून कितीतरी जास्त काळेच होते, म्हणून तर पार्क्स यांच्या अटकेनंतर, ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस ते चढले नाहीत तेव्हा कंपनी हादरली. तेवढे दिवस लोक कामावर गेले कसे? चर्चच्या नावावर घेतलेल्या गाड्या, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा. विमा कंपन्यांनी त्या गाड्यांचे विमे रद्द केले, तेव्हा लंडनच्या लॉईड्सकडून विमा आणला. पेट्रोलचे पैसे कुठून? जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीण बाईनं बायका जमवल्या. त्या केक, 'पाय' नावाचा गोड पदार्थ आणि तळलेलं चिकन करून विकायच्या, घेणाऱ्यांत गोरेही असायचे. सभेत कुणी विचारलं पैसे कुणी दिले, तर उत्तर ठरलेलं : 'कुठल्याच नाही अशा' क्लबनं. गटाचं नावच ते ठेवलं होतं, म्हणजे कुणाची नोकरी जायला नको. गिलमोरबाईंची स्वतःची गेलीच.

संध्याकाळी डेक्स्टर अव्हेन्यूवर किंग यांचं चर्च. तिथून विधानभवनाची पायरी दिसते. त्या पायरीवर पितळी चांदणी आहे, गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटलेल्या दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच्या शपथविधीची. अलाबामात अजून किंग यांची आणि दक्षिणेचा सेनापती ली याची जयंती एकाच दिवशी, एकाच सरकारी सुट्टीत साजरी होते. अमोलला खोटं वाटलं. त्यानं फोनवर खात्री केली आणि फोन खिशात ठेवला.

दिवस चौथा, शनिवार : लाऊन्डेस परगणा, सेल्मा

ज्यासाठी मी हा प्रवास मागून घेतला तो दिवस.

जानेवारी १९७४ मध्ये मी दहा वर्षांची होते. आमची खोली वरळीच्या बीडीडी चाळीत, माझे वडील, म्हणजे दादा, गिरणीत. चाळीच्या भिंतीवर कुणीतरी डांबरानं 'पँथर' लिहिलं होतं, आणि 'थ'चं डांबर ओघळून खालच्या नळापर्यंत आलं होतं. पाणी भरताना बादलीला लागायचं. मी दादांना विचारलं, पँथर म्हणजे काय? ते म्हणाले, काळा बिबळ्या. मला वाटलं राणीच्या बागेतला. त्याच महिन्यात चाळीत दंगल झाली. दगड, पोलीस, कर्फ्यू, गच्चीवरून पडणाऱ्या बाटल्या. मोर्च्यात भागवत जाधव मारले गेले. आई आम्हां भावंडांना पलंगाखाली झोपवायची. भिंतीवरचं ते अक्षर मात्र कुणी पुसलं नाही, मीही विसरले नाही.

पुढे कळलं की १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या तरुणांनी आपल्या 'दलित पँथर' संघटनेचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. ती ब्लॅक पँथर १९६६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला सुरू झाली. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण ओकलंडवाल्यांनी तो प्राणी घेतला कुठून? तर माँटगोमेरी आणि सेल्मा यांच्यामधल्या एका खेडवळ परगण्यातून.

हायवे ८०. मतदानाच्या हक्कासाठीचा १९६५ चा मोर्चा सेल्माहून माँटगोमेरीला आला, आम्ही उलटे निघालो. दोन्ही बाजूंना सपाट कुरणं, मधूनच तळं, गुरं. खाली उतरून मी मातीला हात लावला. काळी, चिकट, भेगाळलेली. कापसाची जमीन. विदर्भातल्या माणसाला दाखवली तर तो सांगेल, ही आमचीच. या पट्ट्याला 'ब्लॅक बेल्ट' म्हणतात तो आधी मातीवरून, मग त्या मातीत कापूस वेचायला आणलेल्या माणसांवरून. ही माती पाणी जिरू देत नाही, म्हणून आजही इथल्या कितीतरी घरांचं सांडपाणी आणि मैला पाइपानं मागच्या अंगणात येतो. कॅथरिन कोलमन फ्लॉवर्स या इथल्याच बाईंनी त्यावर वर्षानुवर्षं आवाज उठवलाय.

रस्त्यालगत एका टेकाडावर व्हायोला लिउझो यांची शिळा आहे. डेट्रॉइटची गोरी बाई, पाच मुलांची आई, ३९ वर्षांची. मोर्च्यातल्या लोकांना गाडीतून सोडत होती. २५ मार्च १९६५ च्या रात्री क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीच्या माणसांनी इथेच गाडी गाठून तिला गोळ्या घातल्या. शिळेभोवती लोखंडी कुंपण आहे. लोक शिळा विद्रूप करायचे, म्हणून घालावं लागलं. अमोलनं गाडी कडेला घेताना चाक खड्ड्यात घातलं आणि पंधरा मिनिटं आम्ही दोघं ढकलाढकली करत होतो. फोनला रेंज नाही. शेवटी एक ट्रकवाला थांबला, काही न बोलता दोरी लावून गाडी ओढली, टोपीला हात लावून गेला. तो गोरा होता. सांगायचं कारण एवढंच, की त्या रस्त्यावर उभं राहिल्यावर आपण ते बघायला लागतो.

पुढे व्हाइट हॉलला राष्ट्रीय उद्यान खात्याचं माहिती केंद्र आहे. आम्ही दोघं सोडून कुणी नव्हतं. टोपी घातलेल्या, माझ्याच वयाच्या काळ्या रेंजरबाई. मी माझ्या बँकेतल्या इंग्रजीत सांगितलं, मला पँथर बघायचाय. त्या हसल्या आणि थेट तिकडेच घेऊन गेल्या.

१९६५ च्या सुरुवातीला या परगण्यात दर पाच माणसांत चार काळी होती आणि मतदार यादीत एकही काळं नाव नव्हतं. एकही. गोऱ्यांची नावं मात्र गोऱ्या प्रौढांच्या संख्येपेक्षा जास्त, म्हणजे मेलेलेही मत देत होते. मोर्चा या परगण्यातून गेला, पुढारी माँटगोमेरीला भाषणं करून विमानानं परतले. विद्यार्थी चळवळीचे स्टोकली कारमायकल आणि त्यांचे सोबती मात्र मागे राहिले. घरोघर गेले. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला, लोक नावं नोंदवू लागले. नाव नोंदवलं की जमीनमालक घर रिकामं करायला सांगायचा, कारण घर त्याचं, शेत त्याचं, कर्ज त्याचं. डिसेंबरात अशी हाकललेली कुटुंबं याच जागी, रस्त्याकडेला तंबू ठोकून राहिली. ना वीज, ना नळ. रात्री जाणाऱ्या गाड्यांतून तंबूंवर गोळ्या यायच्या, म्हणून हे लोकही बंदुका घेऊन पहारा द्यायचे. काही कुटुंबं दोन वर्षांहून जास्त तशी राहिली. केंद्रात तसा तंबू उभा केलाय. आत लोखंडी खाट आणि चूल. मी वाकून आत डोकावले आणि मला धुराचा वास आला, जो तिथे असणं शक्य नव्हतं.

मत मिळालं, पण द्यायचं कुणाला? अलाबामाच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि त्याच्यावर १९६६ सालापर्यंत चक्क लिहिलेलं असायचं 'गोऱ्यांचं वर्चस्व'. त्या पक्षातून उभं राहायचं तर अर्जाची फी ५० डॉलरवरून ५०० केली. तेव्हा कार्यकर्त्यांनी राज्याचा जुना कायदा खणून काढला : परगण्यापुरता स्वतंत्र पक्ष काढता येतो. बरेच मतदार निरक्षर, म्हणून पक्षाला चिन्ह हवं. आधी कबुतर सुचलं होतं, ते लोकांना पटलं नाही. मग त्याच विद्यार्थी चळवळीतल्या रूथ हॉवर्ड यांनी अटलांटाच्या क्लार्क कॉलेजच्या खेळाडूंचं चिन्ह सुचवलं. काळा पँथर.

"कोंबड्याचं काय होणार ते सांगायला लागत नव्हतं," रेंजरबाई म्हणाल्या.

काचेमागे जुना कागद होता. झेप घेणारा पँथर, मिशा ताठ, शेपूट वळलेली. ओकलंडला तो बंदुकीबरोबर नंतर गेला, आधी तो इथे मतपत्रिकेवर आला होता. आपली बैलजोडी, झोपडी आली तसाच. १९५२ मध्ये बाबासाहेबांच्या पक्षाचा हत्ती होता, त्याच कारणानं. दादा सांगायचे, आम्ही हत्तीच्या पेटीत मत टाकलं आणि साहेब पडले.

इथलेही पडले. जॉन ह्यूलेट त्यांचे पुढारी, परगण्यात मतदार झालेल्या पहिल्या काळ्यांपैकी एक. प्रत्येक पदाचं काम काय, शेरीफ, म्हणजे परगण्याचा पोलीसप्रमुख, काय करतो, कर ठरवणारा काय करतो, हे चित्रांच्या पुस्तिका काढून गावोगाव समजावलं. ३ मे १९६६ ला हेनव्हिल गावच्या चर्चपुढे लोकांनी आपले उमेदवार निवडले. नोव्हेंबरच्या मतदानाला घोषणा होती : मतदानयंत्रावरचा पँथरचा खटका ओढा आणि सरळ घरी जा. सातही उमेदवार हरले. गोऱ्या मालकांनी आपले मजूर ट्रकमधून आणून मतं टाकून घेतली. चार वर्षांनी, १९७० मध्ये, ह्यूलेट निवडून आले. शेरीफ म्हणून.

मी रेंजरबाईंना वरळीची भिंत सांगितली, डांबराचा ओघळ सांगितला. त्यांनी ऐकलं आणि वही काढली. "स्पेलिंग सांगा." मी एकेक अक्षर सांगितलं, दलित, वरळी, ढसाळ. 'ढ' इंग्रजीत कसा लिहायचा यावर अमोलचं आणि माझं थोडं वाजलं. अभिप्रायाच्या वहीत मी मराठीत नाव लिहिलं, खाली चाळीचा नंबर लिहिला, ज्या चाळीत आता आमचं कुणी नाही.

सेल्माला पोचलो तेव्हा चार वाजले होते. एडमंड पेटस पूल एवढा उंच कमानदार आहे की माथ्यावर येईपर्यंत पलीकडचं दिसत नाही. मोर्च्याच्या पहिल्या प्रयत्नात, ७ मार्च १९६५ ला, सुमारे सहाशे माणसं ब्राउन चॅपलहून निघून, दोघा-दोघांच्या रांगेत हा चढ चढली, आणि माथ्यावरून त्यांना पोलिसांची भिंत दिसली. पुढच्या रांगेतल्या जॉन लुईस यांची कवटी पोलिसांच्या लाठीनं फुटली. कार्यकर्त्या अमेलिया बॉइंटन बेशुद्ध पडल्या. मी माथ्यापर्यंत गेले, पट्टा बांधूनही गुडघा कुरकुरला. खाली अलाबामा नदी, मातकट, शांत. पुलावर अजून ज्याचं नाव आहे तो पेटस दक्षिणेच्या फौजेत सेनानी होता.

गावात बरीच दुकानं फळ्या ठोकून बंद. २०२३ च्या जानेवारीत वावटळीनं घरं उडवली, त्यांवर निळ्या ताडपत्र्या अजून होत्या. मार्चमध्ये मोठमोठे पुढारी येतात, पुलावर हातात हात घालून चालतात. एप्रिलमध्ये आम्हाला चहा मिळायला तीन रस्ते हिंडावे लागले.

दिवस पाचवा, रविवार : बर्मिंगहॅम आणि परत

सोळाव्या रस्त्यावरचं बाप्टिस्ट चर्च. १५ सप्टेंबर १९६३, तोही रविवारच. बॉम्बनं अ‍ॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरल रॉबर्टसन आणि डेनिस मॅकनेअर या मुली गेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, डेनिस अकराची. पहिल्या आरोपीला शिक्षा झाली १९७७ मध्ये, शेवटच्याला २००२ मध्ये. आत प्रार्थना चालू होती, आम्ही बाहेर पायरीवर उभं राहून गाणं ऐकलं. समोरच्या बागेत दोन भिंतींतून झेपावणारे धातूचे कुत्रे आहेत आणि वाट बरोबर त्यांच्या मधून जाते. १९६३ च्या मे महिन्यात शाळकरी पोरांवर सोडले होते तसे. दात डोक्याच्या उंचीवर येतात. अमोल त्यांच्या मधून गेला, मी बाजूनं गेले. आणखी लिहायला हवं, पण मनानं मी आदल्या दिवसातच होते.

परतताना घड्याळ पुन्हा एक तास पुढे गेलं. अटलांटा जवळ आल्यावर मी म्हटलं, घरी नको, आधी क्लार्क कॉलेज.

"आई, बुधवारी गेलो की तिथे."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा. चल."

अंधारायला आलं होतं. फाटकावरच्या सुरक्षारक्षकानं आत सोडलं नाही, ओळखपत्र नाही, रविवार आहे. त्याचंही बरोबर. अमोल यू-टर्न घ्यायला लागला आणि कोपऱ्यावर लाल दिवा लागला. फुटपाथवर एक पोरगा चिप्सची पिशवी फोडत बसची वाट बघत होता, अंगात बुधवारचाच तसला लाल टी-शर्ट. जबडा उघडलेला, मिशा ताठ. वाघ नव्हताच तो. मी काच खाली केली. त्यानं बघितलं, काय हवंय म्हणून भुवई उडवली. मला इंग्रजीत काही सुचेना. मी नुसतं बोटानं त्याच्या छातीकडे दाखवलं आणि अंगठा वर केला. त्यानं खाली वाकून शर्टकडे पाहिलं, हसला आणि चिप्सची पिशवी माझ्यापुढे धरली. मी एक घेतला. तिखट होता. सिग्नल सुटला.